जीप उंच करण्यापूर्वी पाटे तपासा

पावसाळा सरत आला आणि गळिताची तयारी सुरू झाली की गट ऑफिसच्या कट्ट्यावर ऊसनोंदीच्या बोलण्याबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे जीपचा. ‘गाडी बूड टेकते, उंच करून घ्यावी म्हणतो,’ असे सांगणारे सभासद आम्हांस वरचेवर भेटतात. पूर्वी हा उद्योग डोंगरात हौसेने गाड्या पळवणाऱ्या शहरी मंडळींपुरता होता. आता शहरातल्या दुकानांतून ‘लिफ्ट किट’ नावाची तयार पेटी मिळते. तीत जास्त कमानीचे पाटे किंवा लांब स्प्रिंगा, लांब शॉकअप, यू बोल्ट, शॅकल असा सगळा सरंजाम असतो. दोन इंची, तीन इंची, चार इंची, जशी खिशाची ताकद तशी पेटी. उसाचे बिल हातात आले की तरुण मंडळींचे पाय त्या दुकानाकडे वळतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणायला कारण सापडत नाही, कारण पाणंदीत अडकलेली जीप ट्रॅक्टर लावून ओढताना त्यांनीही पाहिलेली असते.

सभासदांचा पैसा घामाचा आहे. शिवाय ह्या जीपमधून घरची माणसे, लहान मुले, कधी अर्धी टोळीही प्रवास करते. म्हणून ह्या विषयाची थोडी फोड करून सांगावी असे आम्ही ठरविले.

बूड टेकते म्हणजे नेमके काय टेकते?

कुणी ही तक्रार घेऊन आला की आमचा पहिला प्रश्न असतो, खाली वाकून बघितलेत का? बहुतेकांनी बघितलेले नसते. ‘खालून खर्रकन आवाज येतो’ एवढेच सांगतात. आता आवाज कुठून येतो ह्यावरच सगळा निर्णय अवलंबून आहे, हे ध्यानात घ्यावे.

जुन्या सीजे घाटाच्या जीपला, एमएम ५४० ला किंवा लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या जिप्सीला पुढे-मागे एकसंध एक्सल असतो. त्या एक्सलच्या मध्याजवळ किंवा एका बाजूला डिफरन्शियलचा गोळा असतो. जमिनीला सर्वांत जवळचा भाग बहुधा हाच गोळा. हा गोळा चाकांना धरून आहे, चेसिसला धरून नाही. पाट्यांची कमान वाढवून तुम्ही चेसिस, बॉडी, बंपर, पायदान, सायलेन्सर हे सगळे वर नेता. एक्सल मात्र जिथल्या तिथे राहतो. चार इंची पेटी बसविली तरी गोळ्याखालची जागा एक सूतभरसुद्धा वाढत नाही. एवढी साधी गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

आता आपल्या शिवारातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. काळ्या रानातून भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरगाड्या गेल्या की दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे माती उचलून वरंब्यासारखी राहते. त्या चाकोरीत जीप घातली की मधला वरंबा गोळ्याला घासतो. म्हणजे आपल्याकडे बूड टेकण्याचे जे सर्वांत नेहमीचे कारण, त्यावर लिफ्ट किटचा काडीचाही उपयोग नाही. तिथे उपयोग होतो तो चाकोरी सोडून चालविण्याचा. एक बाजूची चाके मधल्या वरंब्यावर, दुसऱ्या बाजूची कडेच्या गवतावर, अशी तिरकी गाडी सावकाश काढावी. जुने ड्रायव्हर असेच काढत. त्यांना कुणी पेटी विकली नव्हती.

लिफ्टचा उपयोग कुठे? ओढ्यातून वर चढताना पुढचा बंपर दरडीला लागत असेल, पाटाचा बांध ओलांडताना दोन चाकांच्या मधले पोट टेकत असेल, उतरताना मागचा हूक घासत असेल, किंवा एक चाक खड्ड्यात गेले की टायर मडगार्डला लागत असेल, तर चेसिस वर गेल्याने फरक पडतो. म्हणून जिथे घासले तिथली चकाकी किंवा ओरखडे बघावेत. गोळ्यावर असतील तर उपाय निराळा, पायदानावर किंवा गिअर-बॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर असतील तर निराळा.

२०२० साली आलेल्या नव्या थारची रचना जरा वेगळी आहे. तिची पुढची चाके सुटी-सुटी हलतात आणि पुढचा गोळा चेसिसच्या बाजूला धरलेला आहे. त्यामुळे गाडी उचलली की पुढचा गोळा वर जातो. पण मागे एकसंध एक्सलच आहे, तो तिथेच राहतो. कंपनीने तिला मुळात २२६ मिलिमीटर उंची दिलेली आहे. म्हणजे जवळजवळ नऊ इंच. आपल्या शिवारात ऊस बघायला जाण्यासाठी एवढी उंची कमी पडते असे आम्हांस वाटत नाही. जिथे ती अडकेल तिथे पायी गेलेले बरे.

आधी गेलेली उंची परत आणा

खरा मुद्दा पुढेच आहे. पंधरा-वीस वर्षे वापरलेली, खताची पोती वाहिलेली, मागे आठ-दहा माणसे बसवून बाजाराला गेलेली जीप आज ज्या उंचीवर उभी आहे ती तिची उंची नव्हेच. तिचे पाटे बसलेले आहेत. दोन इंचांचे किट घ्यायला निघालेल्या सभासदाच्या जीपचे पाटेच दोन इंच बसलेले असतात. असा माणूस पैसे मोजतो लिफ्टचे आणि मिळवतो मूळची उंची, तीही नको तितक्या ताठ पाट्यांवर.

हे तपासायला गॅरेजची गरज नाही. सपाट सिमेंटच्या जागेवर गाडी रिकामी उभी करावी, चारही टायरांत सारखी हवा भरावी, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. डाव्या-उजव्यात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसले आहेत असे समजावे. ड्रायव्हरच्या बाजूचे बहुधा आधी बसतात, कारण त्या बाजूला रोजच वजन असते. मग बाजूने पाटा बघावा. रिकाम्या गाडीचा पाटा सरळ पट्टीसारखा किंवा उलटा वाकलेला दिसला, तर दुसरा पुरावा नको. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलेला आहे का, पहिल्या पाट्याच्या डोळ्यातले बुश खाऊन गेले आहेत का, एखादा पाटा मधेच तडकला आहे का, हेही तेव्हाच दिसते. तडकलेल्या पाट्यात माती जाऊन बसते आणि तडा झाकला जातो, म्हणून आधी डिझेलच्या फडक्याने पुसून घ्यावे.

पाटे बसले असतील तर दोन मार्ग आहेत. नवा जोड घालणे हा उत्तम. दुसरा म्हणजे जुन्यांना कमान काढून घेणे. हे काम हायवेच्या कडेला ‘कमानपाटे’ अशी पाटी लावलेल्या दुकानांतून होते. त्यात एक गोम आहे. काही ठिकाणी पाटा भट्टीत लाल करून, घणाने ठोकून, तसाच धुळीत टाकून थंड करतात. कमान सुरेख दिसते, गाडी ऐटीत उभी राहते, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा बसते. कारण शेतकऱ्याला सांगायला नको. नांगराचा फाळ शेवटून आणला आणि त्याला नीट पाणी दिले नाही तर तो पहिल्याच तासाला वळतो. पाट्याच्या पोलादाचेही तसेच. तापवायचे तर नेमके पाणी देणे आणि नंतर पुन्हा बेताच्या आचेवर त्याचा कडकपणा उतरविणे, ही दोन्ही कामे झाली पाहिजेत. पाणी फार कडक चढले तर पाटा बसण्याऐवजी काचेसारखा तुटतो. ह्याची सोय नसलेल्या दुकानात पाटा न तापवता, थंडच ऐरणीवर किंवा प्रेसवर थोडा थोडा ठोकत कमान काढून घ्यावी. वेळ जास्त लागतो, मजुरी जास्त पडते, पण पोलादाचा मूळ कस शाबूत राहतो.

असल्याच एका दुकानात आमच्या एका ज्येष्ठ सभासदांबरोबर आम्ही उभे होतो. मिस्त्रीने पाटे सोडून समोर मांडले आणि म्हणाला, “आबा, कमान काढून देतो, पण तुमचा तिसरा पाटा तडकलाय. तो बदला.”

आबा म्हणाले, “अरे, पोरगा तर चार इंच उचला म्हणतोय.”

“उचलतो की. पण आधी हे दुरुस्त करू. महिनाभर चालवा, मग ठरवा उचलायची का नाय ते.”

महिन्याने आबांनी मिस्त्रीकडे पुन्हा गाडी नेली नाही. पायदान घासणे थांबले होते. मुलाची तक्रार राहिली ती फक्त गाडी रुबाबदार दिसत नाही एवढीच. त्यावर आमच्याकडे इलाज नाही!

ह्या जागी पोत्यांच्या वजनाचाही विचार करावा. जीपने रोज खत-बियाणे वाहायचे असेल तर एक जादा पाटा घालणे योग्य. पण जी गाडी बहुतेक वेळ रिकामी फिरते तिला जादा पाटा घातला तर ती टणाटणा उडते, चाके जमीन सोडतात, आणि चिखलात पकड कमी होते. उंची मिळाली, चाल गेली.

तरीही उचलायचीच असेल तर

मूळ उंची परत आणूनही पोट टेकत असेल, आणि काम तसेच अवघड शिवारातले असेल, तर दीड-दोन इंचांपर्यंतची वाढ समजण्यासारखी आहे. त्यापुढे गेले की एकेक इंचामागे दुसऱ्या चार गोष्टी बदलाव्या लागतात. उचलण्याच्या रीती अनेक आहेत आणि सगळ्या सारख्या नाहीत.

जास्त कमानीचे नवे पाटे आणि त्यांच्या मापाचे लांब शॉकअप, ही सरळ रीत. खर्चिक, पण धोका कमी. लांब शॅकल ही स्वस्त रीत, म्हणून गावोगाव चालते. तिचे गणित असे की शॅकल दोन इंच लांब केली तर जीप एकच इंच उचलते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते. शिवाय जुन्या जीपला पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की एक्सल पुढे कलंडतो, चाकांचा कॅस्टर कोन कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची जी खोड असते ती मोडते. साठच्या वेगाला गाडी भिरभिरू लागते. मिस्त्री म्हणतो अलाइनमेंट करा. पण अलाइनमेंटने तो कोन परत येत नाही. फार तर अर्धा-पाऊण इंच लांब शॅकल चालवून घ्यावी, त्याहून लांब नको.

ठोकळा घालण्याची रीत पिकअपवाल्यांकडून आली. बहुतेक पिकअप गाड्यांना मागचे पाटे एक्सलच्या वर बसवलेले असतात. पाटा आणि एक्सल ह्यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालून लांब यू बोल्टने आवळले की मागची बाजू वर जाते. ही रीत मागेच करावी. पुढच्या एक्सलला ठोकळा कधीही घालू नये, कारण ब्रेक दाबला की पुढच्या एक्सलवर जो पीळ पडतो त्याने ठोकळा सरकण्याचे भय असते. एकावर एक दोन ठोकळे रचणे तर शुद्ध वेडेपणा आहे. आणि जुन्या जीपवाल्यांनी एक गंमत लक्षात ठेवावी. सीजे घाटाच्या जीपला आणि जिप्सीला पाटे एक्सलच्या खाली असतात. तिथे मधे ठोकळा घातला तर गाडी वर जाण्याऐवजी खाली बसेल!

ह्यावरून काही धाडसी मंडळी पाटे खालून काढून एक्सलच्या वर बसवितात. त्याने एकदम चार-पाच इंच उंची मिळते. पण त्यासाठी एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगची सगळी जुळणी बदलावी लागते, आणि एक्सल पाट्यावर पीळ खाऊ लागतो. ज्याची गाडी शर्यतीला किंवा हौसेला वेगळी ठेवलेली आहे त्याने वाटल्यास करावे. घरच्या माणसांना बसवायच्या गाडीला हे काम करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१० ते २०२० ह्या काळातल्या अनेक थार गाड्यांना पुढे टॉर्शन बार आहेत. त्यांचा एक बोल्ट फिरवला की पुढची बाजू वर येते, एक पैशाचाही भाग लागत नाही. म्हणून तो सर्रास फिरवला जातो. पण बार काही लांब होत नाही. चाकाला खाली जायला जी जागा होती तीच वापरून गाडी वर आलेली असते. मग खड्ड्यात चाक लोंबायच्या आतच अडते आणि गाडी टणकते. बसलेली गाडी मूळ मापावर आणण्यापुरताच तो बोल्ट वापरावा. नव्या थारला स्प्रिंगखाली चकती घालून उचलतात. तिथेही चाकाला फिरवणारे पुढचे शाफ्ट जितके जास्त तिरके तितके त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, आणि बूट फाटून आत चिखल गेला की सांधा संपला.

राहिला गोळा वर नेण्याचा प्रश्न. तो एकाच उपायाने वर जातो, मोठ्या टायरने. पण किती? बोलेरोसारख्या गाडीला सर्रास असणारा २१५/७५ आर १५ टायर घ्या. त्याची पूर्ण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर ती सुमारे ७३३ होते. फरक ३० मिलिमीटर, पण एक्सल चाकाच्या मध्यावर असल्याने गोळा वर गेला फक्त १५ मिलिमीटर. चार नवे टायर घेऊन अर्ध्या इंचाहून थोडी जास्त जागा! शिवाय काटा ६० दाखवील तेव्हा गाडी खरी ६२-६३ ने धावत असेल, चढाला गिअर आधी पाडावा लागेल, आणि ब्रेकला जास्त जोर पडेल. मोठा टायर घालावाच तर जुने घासून संपल्यावर, मडगार्डला लागत नाही हे चाक पूर्ण वळवून बघून, आणि एकाच पायरीने मोठा.

गाडी वर गेली की काय काय ताणते

लिफ्ट किटच्या पेटीवर जे लिहिलेले नसते ते इथे सांगतो. चेसिस वर गेला आणि एक्सल खाली राहिला, म्हणजे दोघांना जोडणारी प्रत्येक वस्तू ताणली जाते. पहिला नंबर ब्रेकच्या होस पाइपचा. गाडी सपाटीवर उभी असताना तो पुरेसा दिसतो. पण चाक खड्ड्यात लोंबले की तार ओढल्यासारखा ताठ होतो, आणि एक दिवस तुटतो. म्हणून जॅकवर गाडी उचलून, चाके पूर्ण लोंबकळत असताना, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून होस बघावा. तेव्हाही त्याला थोडी ढील राहिली पाहिजे. नसेल तर लांब होस आधी, उंची नंतर.

त्यानंतर मागचा प्रोपेलर शाफ्ट. जीप लांबीला आखूड, त्यामुळे तिचा मागचा शाफ्टही आखूड. आखूड शाफ्टला दोन इंचांची वाढसुद्धा बरीच तिरकी पडते. क्रॉस गरम होतात, विशिष्ट वेगाला गाडी थरथरते, आणि शाफ्टचे सरकते तोंड जास्त बाहेर आल्याने दात कमी पकडतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे राहावेत म्हणून पाटा आणि एक्सलच्या मधे लोखंडी पाचर घालून गोळ्याचे तोंड थोडे फिरवतात. ही पाचर जाणत्या मिस्त्रीकडूनच घालून घ्यावी. पुढे स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरकी होते, मग खड्ड्यात चाक वर-खाली झाले की स्टिअरिंगही हातात आपोआप फिरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पलटी. आपला भाग कॅनॉलचा आहे. भरावावरचे रस्ते अरुंद आणि कडेला उतरते. उदाहरणादाखल हिशेब करू. एका जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १३० सेंटिमीटर आणि तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे धरा. अशी उभी जीप कागदावरच्या गणिताने ४५ अंश कलेपर्यंत तोल धरते. वजनाचा मध्य साडेसात सेंटिमीटर म्हणजे तीन इंच वर गेला की तीच मर्यादा ४२ अंशांवर येते. तीन अंश म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. पण हे उभ्या, रिकाम्या, पाटे न दबणाऱ्या गाडीचे गणित झाले. चालत्या गाडीत मागे माणसे उभी असतात, टपावर गवताचा भारा असतो, खालच्या बाजूचे पाटे दबतात, आणि वळणाला गाडी बाहेर फेकली जाते. प्रत्यक्षात पलटी त्याच्या कितीतरी आधी होते. तेव्हा जी थोडी शिल्लक राहते तीच तुम्ही तीन इंचांपायी उडवता. सरळ चढ-उतारावर उंच गाडी छान वाटते, आडव्या उतारावर ती दगा देते.

कायद्याची बाजूही स्वच्छ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीच्या मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तेव्हा उंची वाढवायची तर आधी आरटीओत विचारावे, लेखी मंजुरी मिळत असेल तर घ्यावी, आणि विमा कंपनीलाही कळवावे. न कळविलेला बदल अपघातानंतर विम्याचा दावा अडवायला आयते कारण ठरू शकतो. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला हीच गाडी पुन्हा उभी करायची आहे, हेही विसरू नये. बसलेले पाटे बदलून मूळ माप परत आणणे ही मात्र दुरुस्ती आहे. तिला कुणाची हरकत नाही.

बसविताना

काम पाट्यांच्या दुरुस्तीचे असो वा नव्या पाट्यांचे, जोडणी एकच आहे. ती घाईने करू नये. कारखान्याचे ओव्हरऑइलिंग आपण हंगाम बंद असताना करतो, तसे जीपचे कामही तोडणी सुरू होण्यापूर्वी उरकावे.

न उचलायच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. चेसिस भक्कम घोड्यांवर ठेवावा आणि एक्सल जॅकवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. विटा रचून त्यांवर गाडी ठेवू नये, वीट भार आला की फुटते. एका वेळी एकच बाजू सोडावी. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर एक्सल गरकन फिरतो, आणि त्याच्याखाली हात असेल तर तो गेला. जुने यू बोल्ट परत वापरण्याचा मोह टाळावा. एकदा पूर्ण आवळलेला यू बोल्ट ताणला गेलेला असतो, दुसऱ्यांदा तो तसा धरत नाही. पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात नेमके बसले पाहिजे. ते अर्धवट राहिले तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू बोल्टचे चारही नट आळीपाळीने, आडवे-तिरके, थोडे थोडे आवळावेत.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळतात. त्यामुळे रबरी बुश लोंबत्या स्थितीत जखडले जातात आणि गाडी खाली ठेवताच पिळले जातात. थोड्याच दिवसांत फाटतात. म्हणून ते बोल्ट हातानेच बसवावेत, गाडी चारही चाकांवर उतरवावी, बंपरवर दोन माणसांनी दाबून हलवावी, आणि मगच पक्के आवळावेत.

नंतर वहीतली जुनी मापे काढून पुन्हा चारही चाकांची मापे घ्यावीत. शंभर किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळावेत, पाचशेला पुन्हा एकदा. पाटे एकमेकांवर बसत जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट असलेला नट आठवड्यात ढिला होतो. मिस्त्रीने सांगितले नाही तरी आपण जावे.

दिव्यांचे काम शेवटी. पुढची बाजू दोन इंच वर गेली की हेडलाइटचा झोतही वर जातो. गळिताच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर रात्रभर बैलगाड्यांची रांग असते. समोरच्या बैलांच्या डोळ्यांत झोत गेला की ते बुजून कडेला ओढतात, आणि मागे दोन टन ऊस असतो. संध्याकाळी एखाद्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करावी. डिपरच्या झोताची वरची कड भिंतीवर, हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा दोनेक इंच खाली दिसेपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. ते करूनच गाडी रस्त्यावर काढावी.